खानावळ खाली, पिन वर

पाचाड,
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय किशोर,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदाच सांगते, इथे सगळे धडधाकट आहेत. आबा ठीक आहेत, तुझे दाजी ठीक आहेत, मीही ठीक आहे. फक्त माझं डोकं फिरलंय आणि ते तुझ्यामुळे फिरलंय. फोन केला की तू "ताई, कॉलवर आहे, नंतर करतो" म्हणतोस आणि तुझं ते नंतर कधी उजाडत नाही. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं तर तू ते दुप्पट वेगाने ऐकतोस, हे मला श्रुतिकानेच सांगितलं. बायको खोटं बोलणार नाही. मोठ्या बहिणीचा आवाज चिरका करून ऐकायचा आणि वर "समजलं, समजलं" म्हणायचं. पत्राचा वेग वाढवता येत नाही, म्हणून पत्र. आता बस आणि शेवटपर्यंत वाच.

दिवाळी झाली की तू टेम्पो घेऊन येणार, आबांना कल्याणला नेणार आणि डोंगरावरच्या वाडीतल्या घराला कुलूप लावणार, हे आपलं पावसाळ्यात ठरलं. मीही मान हलवली होती. ते विहिरीवर पाय घसरून पडले, तेव्हा शेजारची ठमाबाई बाहेर आली नसती तर कुणाला कळलंही नसतं. आई गेल्यापासून ते एकदाच चूल पेटवायचे आणि तेच दोन वेळा खायचे. मी डबा पाठवायचे तर निम्मा ठमाबाईच्या कोंबड्यांना जायचा. माझ्याकडे पाचाडला येऊन राहा म्हटलं तर "लेकीच्या घरी बाप राहतो काय गो?" म्हणून मलाच दटावलं. दाजींनी स्वतः जाऊन हात जोडले, तरी नाही. मग उरलं कल्याण. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत, पण निदान माणसांत तरी राहतील, असं आपण दोघांनी एकमेकांना सांगितलं. त्यांना सांगितलं तेव्हा ते उठून गोठ्याकडे गेले. गोठ्यात गुरं नाहीत, हे ठाऊक असूनही गेले. ते मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. माझी तक्रार तुझ्या वेबसाइटबद्दल आहे.

तू ठाण्याच्या ऑफिसात बसून दातांचे डॉक्टर, बिल्डर, लग्नाचे हॉल अशा सगळ्यांना इंटरनेटवर पहिल्या पानावर आणतोस. मला त्याचा अभिमान आहे, मी चार ठिकाणी सांगतेही. म्हणून तू म्हणालास की ताई, तुझ्या खानावळीचीही साइट करूया, तेव्हा मला आनंदच झाला. इथे रायगडाच्या रोपवेच्या रस्त्याला आम्ही सहा खानावळवाले रांगेत बसलोय. सहाच्या सहा पाट्यांवर 'घरगुती जेवण' लिहिलंय. पूर्वी गाडीवाला जिथे सावली दिसेल तिथे थांबायचा. आता तो पुण्याहून निघतानाच फोनमध्ये बघतो आणि ठरवून येतो. जो फोनमध्ये दिसतो त्याच्या दारात चपला, बाकीच्यांच्या दारात कुत्री. हे मला पटलं होतं. मी तुझ्याकडे मागितलं काय होतं? 'प्रयागबाईंची खानावळ' हे नाव, पत्ता, फोन, आणि आमच्याकडे तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, गावठी कोंबडा, सुकट आणि भात मिळतो, एवढंच. पोस्टकार्डावर मावलं असतं.

तू काय केलंस? उघडल्याबरोबर पितळी ताटात पापलेट. किशोर, हे पापलेट कुणाचं? माझ्या चुलीवर पापलेट कधी चढलेलं नाही. खाली लिहिलंयस 'अस्सल मालवणी चव'. मालवण कुठे आणि आपण कुठे. विचारलं तर म्हणालास, ताई, लोक शोधताना मालवणी असंच टाकतात, आणि लोक जे शोधतात ते लिहायचं असतं. मग उद्या लोकांनी बर्फ शोधला तर पाचाडात बर्फ पडतो असं लिहिशील. पुढचा मजकूर मी दाजींना वाचून दाखवला. 'रायगड हॉटेल शोधत असाल तर रायगडाजवळचे हे रायगड हॉटेल रायगड पाहायला येणाऱ्यांसाठी रायगडातील उत्तम हॉटेल आहे.' दाजी रात्रपाळी करून आलेले, अर्धवट झोपेत होते. म्हणाले, ह्याला ताप आहे का बघ. शेवटी आईबद्दल लिहिलंयस, 'दूरदृष्टीच्या उद्योजिका प्रयागबाई यांच्या प्रेरणेतून'. आपली आई डोक्यावर अंड्यांची पाटी घेऊन महाडच्या बाजाराला जायची. तिला कुणी उद्योजिका म्हटलं असतं तर तिने आधी त्याचीच दृष्ट काढली असती.

परिणाम काय झाला ते ऐक. गडावरून उतरलेली माणसं यायची आणि सुरमई मागायची. नाही म्हटलं की तोंड वाकडं. एकाने सोलकढी नाही म्हणून एक तारा दिला आणि खाली 'फसवणूक' असं लिहिलं. मी त्या माणसाला तीन भाकऱ्या जास्त वाढल्या होत्या. वेळ तू टाकलीस चोवीस तास, म्हणजे जणू मी पिशाच्च आहे. फोन नंबर टाकलास स्वतःचा, कारण "लीड हातातून जायला नको". ते लीड म्हणजे भुकेली माणसं, आणि ती तुला ठाण्यात फोन करून विचारणार की कोंबडा शिजायला किती वेळ, आणि तू त्यांनाही सांगणार की कॉलवर आहे. उंटावरून शेळ्या हाकणं मी आजवर नुसतं ऐकलं होतं. ज्या गोष्टी तू बाहेरच्यांना पैसे घेऊन शिकवतोस, की नाव-पत्ता-नंबर सगळीकडे एकच ठेवा, फोटो स्वतःचे लावा, आलेल्या तक्रारीला सभ्यपणे उत्तर द्या, त्यातली एकही घरच्या कामात केली नाहीस. वर आपल्या मुंबईच्या झाडून सगळ्या भावंडांकडून पाच-पाच तारे लिहून घेतलेस. काळाचौकीच्या यशराजने तर 'समुद्राचा नजारा अप्रतिम' असं ठोकून दिलंय. तो लहानपणापासून इकडे फिरकलेला नाही हे दिसतंच आहे.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण फोनमधल्या नकाशावरची ती पिन.

आठवतं ना, मार्चमध्ये शिमग्याला तू आलास त्याच्या आदल्या दिवशी महाडच्या पेंटरने पाटी रंगवून दिली होती. ती मी सरळ पाचाडला आणून ठोकणार होते. पण आपल्यात नवी वस्तू आधी घरच्या देवापुढे जाते. नांगर असो, शिलाई मशीन असो, दाजींची मोटारसायकलसुद्धा आधी वाडीवर नेऊन, नारळ फोडून मग कामाला लावली. तशी पाटीही वाडीवर आली. आबांनी ती पडवीत भिंतीला टेकवून ठेवली, हळद-कुंकू लावलं. आणि त्याच वेळी तुला नकाशावाल्यांना व्हिडिओ पाठवायचा होता, धंदा खरा आहे याचा पुरावा म्हणून. तू पडवीत उभा राहून पाटी दाखवलीस, अंगण दाखवलंस, रस्ता दाखवलास. मी म्हटलंही, अरे, खानावळ खाली पाचाडला आहे. तू म्हणालास, पत्ता मागाहून बदलता येतो, आत्ता इथे उजेड चांगला आहे. झालं. नकाशावाल्यांनी मान्य केलं की प्रयागबाईंची खानावळ आबांच्या घरात आहे. पाटी दुसऱ्या दिवशी खाली आली, पिन वरच राहिली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यात तुझ्या एकट्याचा दोष नाही, हे मी रागातही कबूल करते. तुम्हा मुंबईला गेलेल्या कुणालाही पत्ता विचारला की तोंडातून वाडीचंच नाव येतं. चाळीस वर्षं डोंबिवलीत राहिलेला माणूससुद्धा फॉर्मवर डोंबिवलीचा पत्ता लिहितो आणि तोंडाने वाडीचा सांगतो. पण हे आपल्याला कळतं, नकाशाला कळत नाही.

पहिल्यांदा पिनमागे गेलं ते साताऱ्याकडचं एक कुटुंब, दोन लहान मुलं आणि एक म्हातारी. घाटी चढून गाडी वाडीच्या मंदिरापर्यंत गेली, पुढे पायवाट. वर रेंज नाही, त्यामुळे फोनही करता येईना. करता आला असता तरी तुलाच लागला असता. दुपारच्या उन्हात ते आपल्या अंगणात उभे राहिले आणि विचारलं, जेवण मिळेल का. आबांना वाटलं पाहुणे आहेत, वाट चुकलेत. त्यांनी पाणी दिलं, पडवीत घोंगडी अंथरली, ठमाबाईला हाक मारली. तिने भाकऱ्या थापल्या, आबांनी स्वतः कांदा फोडला. त्या लोकांनी पैसे काढले तर आबा रागावले. मला हे तिसऱ्या दिवशी कळलं, तेही ठमाबाई तांदूळ न्यायला खाली आली म्हणून. मी वर जाऊन विचारलं तर म्हणाले, "दारात आलेल्या माणसाला उपाशी धाडायचा काय? तुझी आय असती तर तिनं तुलाच हाकललं असतं."

मग सुरूच झालं. त्या साताऱ्याच्या बाईने लिहिलं की आजोबांनी घरच्यासारखं जेवू घातलं, पैसे घेतले नाहीत, पाच तारे. ते वाचून आणखी लोक वर जायला लागले. शनिवार-रविवारी तर रांग. तू मात्र फोनवर खूश. ताई, रिव्ह्यू बघितलेस का, किती खरे वाटतात, रँकिंग वर चाललंय, आत्ता कशालाही हात लावू नकोस. रँकिंग वर चाललंय, अरे, गिऱ्हाईक वर चाललंय! मी इथे पाचाडात हंडीभर रस्सा करून माश्या वारत बसलेय आणि माझं गिऱ्हाईक माझ्याच बापाकडे फुकट जेवतंय. शेजारचा खानावळवाला मला विचारतो, वहिनी, तुमच्या वडलांनी शाखा काढली काय. तुला पिन हलव म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण पालथ्या घड्यावर पाणी. तुझं खातं, तुझा मेल, तुझा पासवर्ड. मला त्यात जाता येत नाही आणि तुला वेळ नाही.

शेवटी भाद्रपदात ती शिक्षकांची बस आली. कऱ्हाडकडच्या एका शाळेचे शिक्षक, त्यांनी तुला फोन करून जेवण सांगितलं होतं आणि तू ते मला कळवलंस, एवढं एक काम तू वेळेवर केलंस. मी पहाटेपासून राबले. मालणबाई मदतीला बोलावली, कोंबडे आणले, भाकऱ्यांची चवड लावली. बारा झाले, एक झाला, बसचा पत्ता नाही. मग रोपवेचा एक पोरगा सांगत आला की मोठी बस घाटीत अडकलीय, माणसं उतरून वाडीकडे चालत गेलीत. किशोर, त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुला त्याच रश्श्यात घातलं असतं. शेजाऱ्याचा पिकअप मागितला, पातेली चादरीत बांधली आणि तणतणत वर निघाले. वाटेत मी ठरवलं होतं की आज आबांनाही बोलायचं. आजपर्यंत बोलले नाही, पण आज बोलायचंच.

अंगणात पोचले तर पंगत बसलेली. शिक्षक मंडळी चपला काढून दोन ओळींत बसली होती. बायका पडवीत, पुरुष अंगणात. आबा मधून फिरत होते. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, आणि दाढी केलेली. आई गेल्यावर त्यांनी महाडच्या न्हाव्याकडे जाणंच सोडलं होतं, तुला ठाऊक आहे. एका मास्तरांना ते सांगत होते की पत्रावळ कशी टाचतात, आणि मास्तर विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. आत ठमाबाई नुसत्या भाताचं आधण ठेवून डोक्याला हात लावून बसलेली, कारण एवढ्या माणसांना पुरेल असं घरात काही नव्हतं आणि आबांनी तर सगळ्यांना बसवून टाकलं होतं. मला पातेल्यांसकट बघून आबा म्हणाले, "ही बघा, आमची लेक आली. हिचं हाटेल हाय." जणू मी ठरल्या वेळेलाच आले होते.

मी वाढलं. काय करणार? शेवटच्या पंगतीला आबा बसले. मी त्यांच्या पानात एक भाकरी घातली. ती संपवून त्यांनी दुसरी मागितली, मग रस्सा मागितला, मग भात. आई गेल्यापासूनच्या तीन वर्षांत मी त्यांना मागून जेवताना पाहिलं नव्हतं. मी आत जाऊन ठमाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि रडता रडता मला तुझा रागही येत होता, कारण एवढी मोठी गोष्ट तुझ्या आळशीपणातून घडावी हे मला सहन होईना. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नाही, माझ्या डब्यांनी झालं नाही, तुझ्या निरोपांनी झालं नाही, ते एका चुकलेल्या पिनने केलं. ठमाबाई म्हणाली, "रोज सकाळी दाढी करत्यात गो. म्हनतात, कोन आलं तर."

त्या दिवशी निघताना शिक्षकांनी पैसे पुढे केले. जेवण माझं, मेहनत माझी, मी हात पुढे केला, आणि आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला. बस गेल्यावर आमचं जोरात वाजलं. मी म्हटलं, असं केलं तर माझी चूल बंद पडेल. ते म्हणाले, घरात जेवलेल्या माणसाकडून पैसं घ्यायचं नाय, ह्या घरात कधी घेतलं नाय. मी म्हटलं, मग येणाऱ्यांना सांगा, खाली जा म्हणून. म्हणाले, उन्हातनं आलेल्याला परत धाडू? मी रागाने पातेली उचलून खाली आले आणि तुला फोन केला, तोच तो फोन, ज्यात मी तुला काय काय बोलले ते श्रुतिकालाही ऐकू गेलं. त्यानंतर तुला एकदम वेळ मिळाला. तू पिन बदलण्याचा अर्ज केलास आणि मला कळवलंस की आता फक्त पाचाडच्या पाटीचा व्हिडिओ काढून पाठव, मी बाकीचं करतो. त्या दिवसापासून तुझे रोज तीन तीन मेसेज येतायत, ताई, व्हिडिओ, ताई, व्हिडिओ, अर्जाची मुदत संपेल. जो माणूस सहा महिने जागचा हलला नाही तो आता माझ्या मागे लागलाय.

व्हिडिओ मी काढला नाही. का, ते मला तेव्हा नीट सांगता येत नव्हतं. रोज सकाळी फोन घेऊन पाटीसमोर उभी राहायचे आणि वाटायचं, हा पाठवला की पुढच्या शनिवारी वर कुणी जाणार नाही. आबा दाढी करून पडवीत बसतील. आणि दिवाळीनंतर तू येशील.

गेल्या बुधवारी ठमाबाईचा निरोप आला, वर येऊन जा. मला वाटलं, पुन्हा पडले. धावत गेले. तर आबा गोठ्यात. वाडीतल्या सोनबाकाकांना हाताशी घेऊन त्यांनी दावणी उपटल्या होत्या, जमीन चोपून सपाट केली होती आणि अर्धी सारवूनही झाली होती. कौलं उतरवून धुतलेली. मला बघून कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "घरात पैसं घ्यायचं नाय हे खरं. गोठा काय घर नाय. गोठ्यात बसवून वाढ, आन् घे पैसं." एवढं बोलून पुन्हा चोपणं घेऊन बसले. हा तोडगा काढायला त्यांना तीन आठवडे लागले असतील, पण त्यांनी तो स्वतः काढला. मी त्यांना काही सुचवलं नव्हतं. कल्याणचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही घेतलं नाही, पण आम्ही दोघं त्याबद्दलच बोलत होतो.

तू विचारणार, रात्रीचं काय? रात्री सोनबाकाका आपल्या पडवीत झोपणार. तेही एकटेच, त्यांनाही सोबत हवीच आहे, आणि दोघं भांडतात म्हणजे दोघं जागे आहेत हे ठमाबाईला कळतं. विहिरीचं काय? दाजींनी मंदिराच्या टाकीवरून अंगणात पाइप आणून दिलाय, आता विहिरीवर जायचं कारण नाही. सकाळी मी वर, संध्याकाळी खाली. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की पाचाडात तू माश्याच मारतेस, त्यापेक्षा बापाजवळ मार. धंदा चालेल का? ठाऊक नाही. पावसात घाटी घसरते, वर रेंज नाही, सगळ्यांना पायवाट चढवत नाही. पण खाली मी सहामधली एक होते आणि कुणालाही दिसत नव्हते. वर मी एकटी आहे आणि लोकांना रस्ता आधीच पाठ झालाय.

तेव्हा आता मी का लिहितेय ते ऐक. तो अर्ज मागे घे. पिन आहे तिथेच राहू दे, कारण पाटी काल वर गेली. दाजींनी आणि सोनबाकाकांनी मिळून ती गोठ्याच्या दारावर ठोकली. आबांनी खिळे धरले. साइटवरचं मालवण काढ, पापलेट काढ, समुद्र काढ, तुझा नंबर काढून दाजींचा घाल, आणि फक्त खरं लिही. भाकरी, पिठलं, कोंबडा मिळतो, कोंबडा हवा तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, गाडी मंदिराशी लावून चालत यावं लागतं, फोन लागणार नाही, पण जेवण मिळेल. एवढं वाचून जो येईल तो चिडणार नाही. आणि तो टेम्पो ठरवलाच असशील तर रद्द कर. आबा कल्याणला येणार नाहीत, आणि त्यांना नेऊ नकोस म्हणून सांगायला मी हे सगळं लिहिलंय. दिवाळीला तुम्ही दोघं या. दुपारी या, म्हणजे भाकरी गरम मिळेल. फक्त एक लक्षात ठेव, घरात बसलास तर पैसे नाहीत, गोठ्यात बसलास तर पडतील. कुठे बसायचं ते तुझं तू ठरव.

तुझीच वैतागलेली,
ताई